हवा आणि पाणी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे प्रश्न पाचवी ते नववीच्या मुलांचे, काही त्यांच्या आईवडिलांचे आणि काही शिक्षकांचेही आहेत. सोपे आधी, अडवणारे नंतर, असा क्रम ठेवला आहे. पण हवा आणि पाणी एकमेकांत इतके मिसळलेले आहेत की तो अधूनमधून मोडतो. एका उत्तरातलं दुसऱ्यात परत लिहिलेलं नाही, प्रश्नाचा क्रमांक दिला आहे. मेणबत्ती किंवा गरम पाणी असेल तिथे घरातलं मोठं माणूस शेजारी हवंच.

१. हवा दिसत नाही. मग ती जागा व्यापते हे घरी कसं दाखवायचं?

ग्लासच्या तळाशी कागदाचा बोळा घट्ट बसवा. ग्लास उपडा करून सरळ बादलीतल्या पाण्यात दाबा आणि तसाच सरळ वर काढा. कागद कोरडा निघतो. आत हवा होती, तिने पाण्याला जागा दिली नाही. आता ग्लास पाण्यात असतानाच थोडा तिरका करा. बुडबुडा भक्कन बाहेर पडतो आणि तेवढं पाणी आत शिरतं.

ग्लास काचेचा असेल तर नीट पाहा: तो सरळ असतानाही पाणी काठाच्या आत थोडंसं चढलेलं असतं. प्रयोग फसला असं समजू नका. वरच्या पाण्याच्या दाबाने आतली हवा किंचित आक्रसते. हेच सुई काढलेल्या सिरिंजने जास्त चांगलं कळतं. तोंडावर बोट दाबून दट्ट्या ढकला, हवा दबते आणि सोडल्यावर दट्ट्या मागे येतो. पाणी भरून ढकला, ढिम्म हलत नाही.

२. हवेत काय काय असतं? आणि त्या टक्केवारीत पाण्याची वाफ का नसते?

कोरड्या हवेत नायट्रोजन ७८ टक्के, ऑक्सिजन २१, अरगॉन ०.९३ आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्यांच्या जरा वर. तिसरा क्रमांक कोणाचा, असं विचारलं की निम्मा वर्ग कार्बन डायऑक्साइड म्हणून मोकळा होतो. उत्तर अरगॉन आहे, आणि तो कार्बन डायऑक्साइडच्या वीसपटीहून जास्त आहे. कार्बन डायऑक्साइडचं नाव जास्त ऐकू येतं कारण तो वाढतो आहे: कारखान्यांच्या युगाआधी हवेच्या दहा लाख भागांत तो २८० भाग होता, आता ४२० च्या वर गेला आहे.

वाफेचं प्रमाण जागेप्रमाणे आणि ऋतूप्रमाणे बदलतं. जुलैतल्या रत्नागिरीत हवेचा साधारण तीन टक्के भाग वाफ असते, कडाक्याच्या कोरड्या थंडीत अगदी नगण्य. असा बदलता आकडा कोष्टकात बसवता येत नाही, म्हणून कोष्टकावर ‘कोरडी हवा’ असं लिहिलेलं असतं.

३. हवेतल्या हेलियमचा शोध विजयदुर्गावर लागला, हे खरं ना?

कोकणातून हा प्रश्न हमखास येतो आणि उत्तर ऐकून मुलं हिरमुसतात. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात सूर्याच्या प्रकाशात एक अनोळखी पिवळी रेषा दिसली (ती हेलियमची, हे पुढे कळलं), हे खरं. ते ग्रहण भारतातून दिसलं हेही खरं. फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन त्यासाठी गुंटूरला आला होता. पण विजयदुर्गाच्या गोष्टीत ज्याचं नाव घेतात तो इंग्रज शास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. ऑक्टोबर १८६८ मध्ये त्याने ग्रहण नसतानाच सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट तिथून पाहिला. तो विजयदुर्गाला आला २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, म्हणजे रसायनशास्त्रज्ञ रॅमसेला पृथ्वीवर हेलियम सापडून तीन वर्षं झाल्यावर. किल्ल्यावरचा ‘साहेबाचा कट्टा’ बघायला जरूर जा, पण वर्ष लिहिताना जपून. हवेत हेलियम दहा लाखांत फक्त पाचेक भाग आहे.

४. हवेला वजन असतं हे दाखवायला पट्टीच्या एका टोकाला फुगवलेला आणि दुसऱ्या टोकाला रिकामा फुगा बांधून तराजू करतात. तो प्रयोग बरोबर आहे का?

निष्कर्ष बरोबर, प्रयोग कच्चा. फुग्यात साधारण पाच लिटर हवा मावते आणि तिचं वजन सहा ग्रॅम. पण फुगा हवेतच लटकलेला असतो. त्याने बाजूला सारलेल्या हवेचं वजन जवळपास तेवढंच, आणि तेवढ्याच जोराने बाहेरची हवा त्याला वर उचलते. तराजूला जाणवते ती फक्त आत दाबून भरलेली जादा हवा, आणि फुग्यात ती ग्रॅमच्या काही अंशांएवढीच असते. लाकडी पट्टीच्या तराजूवर फरक दिसला तर बहुतेक वेळा तो दोऱ्याच्या गाठीचा असतो.

त्याऐवजी फुटबॉल घ्या. जेमतेम गोल दिसेल इतकाच भरलेला चेंडू स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवा, आकडा लिहा. पंपाने दगडासारखा कडक होईपर्यंत हवा भरा, परत ठेवा. चार-पाच ग्रॅमचा फरक दिसतो. चेंडूचा आकार दोन्ही वेळा सारखाच असतो, त्यामुळे वर उचलणारा जोरही सारखाच राहतो, आणि वाढलेलं वजन निव्वळ भरलेल्या हवेचं.

समुद्रसपाटीजवळ एक घनमीटर हवेचं वजन सुमारे १.२ किलो. आठ मीटर लांब, सहा रुंद, तीन उंच अशा वर्गात १७० किलोच्या आसपास हवा असते. सरांपेक्षा बरीच जड.

५. हवेचा एवढा दाब आहे तर आपण चिरडले का जात नाही?

प्रत्येक चौरस सेंटिमीटरवर साधारण एक किलो वजनाएवढा दाब असतो, म्हणजे तळहातावर शंभरेक किलो. पण हवा फक्त वरून दाबत नाही. ती खालून, बाजूने, सगळीकडून दाबते, आणि आपल्या शरीरातले द्रव आणि फुप्फुसातली हवा तेवढ्याच दाबाने बाहेर रेटत असते. दाब कळतो तो एका बाजूचा काढून घेतल्यावर. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा महापौर ऑटो फॉन गेरिके याने १६५० च्या दशकात दोन अर्धगोल एकमेकांना लावून आतली हवा उपसली; घोड्यांच्या जोड्या लावूनही ते सुटेनात. ग्लासात पाणी भरून वर पोस्टकार्ड ठेवून ग्लास उपडा करायचा खेळ त्यातलाच: पाण्याच्या वजनापेक्षा खालून रेटणारी हवा जोरकस.

६. महाबळेश्वरला जाताना वेफर्सचं पाकीट फुगून टम्म होतं आणि कानात दडे बसतात. का?

महाबळेश्वर साडेतेराशे मीटर उंचीवर आहे. तिथे डोक्यावरची हवा कमी, म्हणून दाब समुद्रकाठापेक्षा सुमारे १५ टक्के कमी. मुंबईत सीलबंद केलेल्या पाकिटातली हवा मात्र मुंबईच्याच दाबाची, ती पाकीट फुगवते. कानाच्या पडद्यामागच्या हवेचंही तसंच; आवंढा गिळला की घशाकडची नळी उघडते आणि दोन्हीकडचा दाब जुळतो. उलटं पाहायचं तर वर गेल्यावर पाण्याची रिकामी बाटली बूच घट्ट लावून ठेवा आणि घाट उतरून पोलादपूरला आल्यावर तिच्याकडे बघा. चेपलेली असेल.

७. वर ओढून पाणी फार तर दहा मीटरच चढतं असं पुस्तकात आहे. मग आमच्या गावचा हापसा दीडशे फुटांवरून पाणी कसं आणतो?

मला आवडणारा प्रश्न, कारण पुस्तकातलं आणि गावातलं दोन्ही खरं आहे.

स्ट्रॉने सरबत पिताना तुम्ही सरबत ओढत नाही. तुम्ही नळीतली हवा काढता आणि बाहेरच्या हवेचा दाब सरबताला वर ढकलतो. हवेची ताकद ठरलेली आहे: समुद्रसपाटीला ती पाण्याचा १०.३ मीटर उंच स्तंभ तोलू शकते. नळी लांब करा, पंप मोठा लावा, त्यापुढे ती ढकलणार नाही. पारा पाण्याच्या साडेतेरा पट जड, म्हणून पाऱ्याचा स्तंभ ७६ सेंटिमीटरवर थांबतो. इटालियन शास्त्रज्ञ टोरिसेलीने हे १६४३ च्या सुमारास दाखवलं. प्रत्यक्षात गळती आणि घर्षण धरून सात-आठ मीटरच्या पुढे ओढणारा पंप चालत नाही. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी खाली गेलं की शेतकरी मोटर आतल्या टप्प्यावर उतरवून ठेवतात, ती उगाच नाही. मोटर पाण्याच्या जवळ गेली पाहिजे.

हापशात ओढायचा भाग वर नसतोच. दांडा हलवता तेव्हा आतली लांब लोखंडी सळई खालीवर होते आणि तिच्या टोकाचा दट्ट्या खाली, पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये चालतो. दट्ट्या आपल्या डोक्यावरचं पाणी उचलतो; झडप ते परत खाली जाऊ देत नाही. उचलायला मर्यादा तुमच्या हाताच्या जोराची, हवेच्या दाबाची नव्हे. सबमर्सिबल मोटरही खालून ढकलते. आणि हे सोलापूरच्या मुलांसाठी: देशभर बसलेला ‘इंडिया मार्क टू’ हापसा १९७० च्या दशकात युनिसेफच्या मदतीने तयार झाला, तो सोलापूरला बनणाऱ्या पंपाच्या रचनेवरून.

यावर पुढचा प्रश्न येतोच: नारळाचं किंवा निलगिरीचं झाड वीस-तीस मीटर पाणी कसं चढवतं? तिथे पंप नाही आणि हवेचा दाबही कामाचा नाही. पानांतून पाणी उडून जातं तेव्हा मागचं पाणी ओढलं जातं, कारण पाण्याचे रेणू एकमेकांना घट्ट धरून असतात आणि झाडातल्या केसाहून बारीक नळ्यांत ती साखळी तुटत नाही. कॅलिफोर्नियातल्या रेडवूडमध्ये पाणी असं शंभर मीटरच्या वर जातं.

८. जळत्या मेणबत्तीवर ग्लास उपडा ठेवला की पाणी आत चढतं. ऑक्सिजन संपला म्हणून ना?

गाइडात तेच लिहिलंय, आणि वर ‘पाणी एक पंचमांश चढते, यावरून हवेत ऑक्सिजन एक पंचमांश असतो हे सिद्ध होते’ अशी ओळही. तसं सिद्ध होत नाही. वादावादी करण्यापेक्षा ताटलीत रंगीत पाणी घ्या आणि प्रयोग करताना तीन गोष्टी बघा.

पहिली: ज्योत जळत असताना पाणी फारसं चढत नाही. ती विझते आणि मग पाणी झपकन आत येतं. ऑक्सिजन संपल्यामुळे चढत असतं तर जळता जळता हळूहळू चढलं असतं. दुसरी: ग्लास ठेवताक्षणी काठाखालून बुडबुडे निघताना दिसतात. म्हणजे हवा तापून, फुगून बाहेर पळते आहे. तिसरी: एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावा. ग्लास तोच, आतला ऑक्सिजन तेवढाच, पण पाणी जास्त चढतं. या तिसऱ्या गोष्टीला गाइडाकडे उत्तर नाही.

खरं कारण असं. ज्योतीने तापलेली हवा फुगलेली असते, त्यातली काही निसटते. ज्योत विझल्यावर उरलेली हवा निवते, आक्रसते, आणि बाहेरचा दाब पाणी आत ढकलतो. ऑक्सिजन वापरला जातो, पण सगळा नाही. हवेत १६ टक्क्यांच्या आसपास ऑक्सिजन शिल्लक असतानाच मेणबत्ती विझते. शिवाय मेण जळताना ऑक्सिजनच्या दर तीन भागांमागे कार्बन डायऑक्साइडचे सुमारे दोन भाग तयार होऊन तीच जागा भरतात. (वाफही होते, पण ती थंड काचेवर पाणी होऊन बसते.) हिशेब मांडला तर वायू कमी झाल्यामुळे पाणी चढायला हवं ग्लासच्या जेमतेम दोन टक्के. बाकी सगळं निवण्याचं काम.

एक पंचमांश खरंच पाहायचं असेल तर ओल्या ग्लासच्या आत लोखंडाचा कीस चिकटवा, ग्लास पाण्यात उपडा करून काही दिवस तसाच राहू द्या. कीस गंजताना जवळजवळ सगळा ऑक्सिजन घेतो, बदल्यात कुठलाही वायू सोडत नाही, आणि पाणी पाचव्या भागापर्यंत चढतं. भांडी घासायची स्टीलची घासणी चालत नाही, ती गंजत नाही.

परीक्षेत काय लिहायचं? दोन्ही लिहा: ऑक्सिजन काही प्रमाणात वापरला जातो आणि हवा थंड होऊन आकुंचन पावते. समजूतदार परीक्षक मार्क कापणार नाही.

९. पिंपळ चोवीस तास ऑक्सिजन देतो का? आजी म्हणते रात्री झाडाखाली झोपू नये.

पिंपळाचा मेसेज दरवर्षी फिरतो आणि तो चुकीचा आहे. ऑक्सिजन बाहेर पडतो तो प्रकाशसंश्लेषणातून, आणि त्याला प्रकाश लागतो. कोरफड, निवडुंग अशा काही वनस्पती कार्बन डायऑक्साइड रात्री आत घेऊन ठेवतात, पण ऑक्सिजन त्यांचाही दिवसाच. रात्री प्रत्येक झाड आपल्यासारखाच श्वास घेतं.

आजीच्या नियमाचं कारण मात्र कार्बन डायऑक्साइड नव्हे. मोकळ्या हवेत झाडाने सोडलेला वायू कुठल्या कुठे विरतो. खोलीत शेजारी झोपलेला भाऊ कुंडीतल्या झाडापेक्षा कितीतरी जास्त कार्बन डायऑक्साइड सोडतो. एक माणूस दिवसाला साधारण किलोभर. तरी आजीचं ऐका. अंधारात झाडाखाली विंचूकाटा असतो, सुकलेली फांदीही पडते.

१०. जुन्या विहिरीत उतरण्याआधी कंदील सोडतात. तो जळत राहिला म्हणजे उतरायला हरकत नाही ना?

हरकत आहे. कंदील विझला तर धोका नक्की, पण जळत राहिला म्हणजे सुरक्षित असं नाही. बंद पडलेल्या विहिरीत आणि मैलाटाकीत हायड्रोजन सल्फाइडसारखे विषारी वायू असू शकतात, ते अगदी थोडेही जीवघेणे ठरतात आणि त्याने ज्योत विझत नाही. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड, तो तळाशी साचून राहतो. एक जण पडला म्हणून दुसरा उतरतो आणि तोही पडतो, अशा बातम्या तुम्ही वाचल्या असतील. मुलांनी लक्षात ठेवायचं एवढंच: कोणी आत बेशुद्ध पडलं तर उतरायचं नाही, ओरडून माणसं गोळा करायची, अग्निशमन दलाला बोलवायचं.

११. थंड पाण्याच्या ग्लासाला बाहेरून पाणी कुठून येतं? ग्लास झिरपतो का?

नाही. ग्लासात पाण्याऐवजी बर्फ घातलेलं कोकम सरबत घ्या. बाहेरचे थेंब बोटाने टिपून पाहा, लाल नाहीत, गोडही नाहीत. ते हवेतल्या वाफेचं पाणी. हवा गार झाली की तिच्यात तेवढी वाफ मावत नाही. मे महिन्यात अकोल्यात हाच ग्लास बराच वेळ कोरडा राहतो आणि अलिबागला लगेच घामाघूम होतो. वाफेचं प्रमाण प्रश्न २ मध्ये आहे.

१२. पाणी उकळायच्या आधीच तळाला बुडबुडे येतात. ते कशाचे? आणि उंचावर डाळ का शिजत नाही?

पातेलं गॅसवर ठेवल्यावर सुरुवातीला तळाला चिकटलेले बारीक बुडबुडे पाण्यात विरघळलेल्या हवेचे. गरम पाण्यात हवा कमी विरघळते, म्हणून ती बाहेर येते. नंतर तळातून मोठे बुडबुडे उठून पृष्ठभागावर फुटायला लागतात, ते वाफेचे. किटलीच्या तोंडाशी बघा: अगदी जवळ काहीच दिसत नाही आणि बोटभर अंतरावरून पांढरा लोट सुरू होतो. त्या रिकाम्या दिसणाऱ्या जागेत खरी वाफ आहे, ती अदृश्य असते. पांढरं दिसतं ते निवून झालेले पाण्याचे थेंब. बोट घालून खात्री करू नका, तिथेच सगळ्यात जास्त भाजतं.

वरचा दाब कमी झाला की पाणी लवकर उकळतं. महाबळेश्वरला ९५ अंशांच्या आसपास, लेहला ८८, एव्हरेस्टच्या माथ्यावर ७० च्या जवळ. उकळतं जोरात, पण तितकं गरम नसतं, म्हणून डाळ बोटचेपी होत नाही. कुकर उलटं करतो: दाब जवळजवळ दुप्पट, पाणी १२० अंशांपर्यंत.

१३. माठातलं पाणी थंड कसं होतं? आणि नागपूरचा कूलर मुंबईला आणला तर तो का चालत नाही?

दोन्हीचं उत्तर एक. पाण्याला उडून जायला उष्णता लागते आणि ती ते शेजारच्या पाण्यातून घेतं. माठाच्या बारीक छिद्रांतून पाणी बाहेर येतं आणि उडतं. दहा ग्रॅम उडालं की मागे राहिलेलं एक लिटर पाणी पाच-सहा अंशांनी उतरतं. म्हणून माठ वाऱ्यावर ठेवायचा, बाहेरून ऑइलपेंट द्यायचा नाही. जुन्या माठाची छिद्रं क्षारांनी बुजतात, मग तो नावालाच माठ उरतो.

कूलरमध्ये वाळ्याच्या ओल्या ताट्यांतून हवा ओढली जाते. हवा किती गार होईल याला एक तळ आहे आणि तो आधीच हवेत वाफ किती आहे यावर ठरतो. नागपुरात मे महिन्यात ४५ अंश आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर हा तळ सुमारे २४ अंशांवर असतो. वीस अंश उतरायला वाव. मुंबईत ३३ अंश आणि ७० टक्के असेल तर तळ २८ अंशांवर, म्हणजे फार तर पाच अंश, आणि वर खोलीत दमटपणा वाढतो तो वेगळाच. नागपुरातही कूलर लावताना समोरची खिडकी उघडी ठेवतात, नाहीतर घरातच मुंबई तयार होते.

१४. काठोकाठ भरलेल्या ग्लासात बर्फ तरंगतोय. वितळल्यावर पाणी सांडेल का?

नाही. बर्फ पाण्यापेक्षा सुमारे ९ टक्के जास्त जागा घेतो, म्हणून तरंगतो. वितळल्यावर तो नेमका बुडालेल्या भागाएवढाच होतो. पाण्याची ही खोड बहुतेक द्रवांत नाही. ते ४ अंशांना सगळ्यात जड असतं, त्याहून थंड झालं की परत हलकं होऊ लागतं. म्हणून श्रीनगरचं दल सरोवर गोठतं ते वरून, आणि खाली मासे जिवंत राहतात.

अपवाद: ग्लासात खारं पाणी असेल तर गोड्या पाण्याचा बर्फ वितळल्यावर पातळी किंचित वाढते. आणि बर्फ तरंगत नसून काठावर टेकवलेला असेल तर सांडेलच. जमिनीवरच्या हिमनद्या वितळल्या की समुद्र वाढतो तो याचमुळे.

१५. पाण्यात ऑक्सिजन असतोच. मग मासे मरतात कसे?

पाण्याच्या रेणूतला ऑक्सिजन माशाच्या उपयोगाचा नाही. त्याचे कल्ले तो तोडू शकत नाहीत. मासा घेतो तो पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. २५ अंशांच्या एक लिटर पाण्यात तो जास्तीत जास्त आठेक मिलिग्रॅम मावतो. एक लिटर हवेत त्याच्या तीसपटीहून जास्त असतो. पाणी तापलं की आणखी कमी, म्हणून मे महिन्यात तळी आटताना मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडझाप करतात. उकळून निववलेलं पाणी लगेच मत्स्यपेटीत घालू नका, त्यातली हवा निघून गेलेली असते (प्रश्न १२).

१६. पाणी लिटरमध्ये मोजतात, मग पाऊस मिलिमीटरमध्ये का?

कारण पाऊस किती लिटर पडला हे भांड्याच्या तोंडावर अवलंबून राहील. खोली मोजली की बादली आणि वाटी दोन्हींत आकडा सारखाच येतो, मात्र भांड्याच्या बाजू सरळ हव्यात. लिटर हवेच असतील तर सोपं आहे: एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पडला, म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर ९४४ लिटर. तुमच्या पत्र्याचं क्षेत्रफळ ५० चौरस मीटर आणि वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर असेल तर पन्हाळीतून पस्तीस हजार लिटर वाहून जातं.

१७. खारे वारे आणि मतलई वारे यांत दरवेळी गोंधळ होतो. आणि पुण्यात महाबळेश्वरएवढा पाऊस का नाही?

दिवसा समुद्राकडून येतात ते खारे, रात्री जमिनीकडून जातात ते मतलई. दगडमातीपेक्षा पाणी तापवायला चार-पाच पट उष्णता लागते, त्यामुळे दुपारी जमीन तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि समुद्रावरची गार हवा आत येते. रात्री जमीन आधी निवते आणि सगळं उलटं. मार्चमध्ये मुंबईत एखाद्या दिवशी पारा अचानक चढतो, तो बहुधा खारे वारे उशिरा सुटल्याने. अपवाद पावसाळ्याचा: जुलैत मोसमी वारा इतका जोरात असतो की हे दोन्ही त्यात हरवतात.

तोच दमट वारा सह्याद्रीवर आदळून वर चढतो. वर दाब कमी (प्रश्न ६), हवा फुगते, फुगताना गार होते आणि वाफेचं पाणी होतं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच ते सहा हजार मिलिमीटर पडतो. पलीकडे उतरताना हवा परत तापते, ढग विरतात: पुण्यात सातशेच्या आसपास, माणदेशात आणखी कमी.

१८. तुरटी फिरवलेलं पाणी शुद्ध असतं का? मग टीसीएल कशाला टाकतात?

तुरटीने पाणी नितळ होतं. गाळाचे बारीक कण एकमेकांना ढकलत असतात म्हणून खाली बसत नाहीत. तुरटी त्यांचा हा गुण मोडते, त्यांचे गोळे होतात आणि ते तळाला जातात. जंतू काही प्रमाणात गाळाबरोबर जातात, सगळे नाहीत. त्यांच्यासाठी क्लोरीन देणारी टीसीएल (ब्लीचिंग) पावडर किंवा मेडिक्लोर, आणि टाकल्यावर अर्धा तास थांबणं. नाहीतर पाणी खळखळून मिनिटभर उकळणं. क्रम महत्त्वाचा: आधी गाळ, मग क्लोरीन, कारण गढूळ पाण्यात क्लोरीन घाणीवरच खर्च होतं.

फडक्याने गाळण्याला हसू नका. नारू या कृमीच्या रोगाचे जंतू पोटात घेऊन फिरणारा पाण्यातला किडा डोळ्यांना जेमतेम दिसेल एवढा असतो आणि दाट फडक्यात अडकतो. पायविहिरी बंद करून आणि पाणी गाळून पिऊन नारू आटोक्यात आला. २००० साली भारत नारूमुक्त जाहीर झाला. कॉलऱ्याच्या जंतूला मात्र एकटं फडकं पुरत नाही.

१९. बोअरच्या पाण्यात साबणाला फेस का येत नाही?

त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार असतात, ते साबणाशी जुळून पांढरट साका होतो. काही क्षार उकळून जातात (गिझरमधला पांढरा थर तोच), बाकीचे नाही. फेस आणि पिण्यायोग्यता या वेगळ्या गोष्टी आहेत; असं क्षारांचं जड पाणी पिता येतं.

२०. हायड्रोजन जळतो, ऑक्सिजन जाळायला मदत करतो. मग दोघांचं पाणी आग कशी विझवतं?

पाणी म्हणजे आधीच जळून गेलेला हायड्रोजन. राख परत पेटत नाही, तसं ते. शिवाय एक ग्रॅम उकळतं पाणी वाफ होताना ५४० कॅलरी उष्णता ओढून घेतं, आणि पाण्याची वाफ झाली की ती सुमारे १७०० पट जागा घेऊन हवेला बाजूला सारते.

पेटलेल्या तेलावर मात्र पाणी कधीही टाकू नका. पाणी जड म्हणून तेलाखाली जातं, तिथे एका क्षणात वाफ होतं, आणि ती १७०० पट फुगणारी वाफ जळतं तेल छतापर्यंत उडवते. विजेच्या उपकरणाच्या आगीवरही पाणी नाही, कारण नळाच्या पाण्यातल्या क्षारांमुळे त्यातून वीज वाहते; आधी मेन स्विच बंद करायचा. कढई पेटली तर गॅस बंद करा, वर घट्ट बसेल असं झाकण किंवा मोठं ताट बाजूने सरकवा, कढई हलवू नका आणि ती पूर्ण निवेपर्यंत झाकण उचलून बघू नका.